परभाषेचे पहिले पुस्तक

परभाषेच्या बालपाठ्यपुस्तकाचे परीक्षण ज्यांच्याकडे सोपविले जाते, त्यांना ती भाषा आधीच अवगत असते. त्यामुळे शुद्धलेखन, छपाई, वेच्यांची अभिरुची यांची तपासणी कसोशीने होते. परंतु ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले, त्याला ते कसे दिसते हा प्रश्न मागेच राहतो.

कोमेनिअसने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ या लॅटिन-जर्मन सचित्र पुस्तकात चित्रांतील वस्तूंना क्रमांक दिले आणि तेच क्रमांक मजकुरातील शब्दांना जोडले. शब्द आणि पदार्थ यांची गाठ मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी घालावी, ही त्यामागील दृष्टी. पुढच्याच वर्षी चार्ल्स हूलने ते इंग्रजीत आणले.

तथापि चित्राने नामाचा अर्थ कळतो. भाषेचा स्वभाव कळतोच असे नाही. मराठीचेच उदाहरण घ्यावे. चित्राखाली ‘घोडा’ वाचलेले मूल पुढच्या पाठात ‘घोड्यावर’ पाहून थबकते. सामान्यरूपाची ही वाट पुस्तकाने पायरीपायरीने बांधली आहे काय, हे पाहावयास हवे. शिवाय सर्व अमराठी मुले सारखी नसतात. हिंदीभाषी मुलाला लिपी ओळखीची. पण ‘शिक्षा’ हा शब्द त्याला विद्येकडे नेतो आणि मराठीत मात्र तो दंड ठरतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेदही त्याला नवा. तमिळ किंवा तेलुगू मुलाच्या घरी तो भेद नित्याचा. त्याचे अडते ते भिंत ‘ती’, दरवाजा ‘तो’ आणि घर ‘ते’ का, यापाशी. एकच पाठ एकाला सुगम, तर दुसऱ्याला दुर्गम होतो. म्हणून ‘पुस्तक चांगले आहे’ या अभिप्रायाला ‘कोणासाठी?’ या प्रश्नावाचून अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रातील शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा २०२० साली झाला. सक्तीने येणाऱ्या मुलाला पुस्तक निवडण्याची मुभा नसते. साहजिकच पुस्तकाची जबाबदारी वाढते. प्रौढ वाचकाला मजकूर उमगला नाही, तर तो लेखकाला दोष देतो. मूल मात्र आपणच मंद आहोत असे समजून गप्प बसते, आणि ती भाषा आपली नव्हे असे मनाशी ठरवून टाकते. परीक्षकाने म्हणूनच अभिप्राय लिहिण्यापूर्वी अशा एखाद्या मुलाशेजारी बसून त्याला वाचू द्यावे. ओळीवरून फिरणारे त्याचे बोट जेथे थांबेल, तेथे परीक्षणाची पहिली नोंद व्हावी.