शिवेवरची शमी

आमच्या यांच्या सत्तरीला दुबईच्या वाळवंटात दोन रात्री राहायचं घाटतंय. लेक-जावई तिकडे नोकरीला आहेत, बेत त्यांचाच. ‘अल महा’ नावाचं ते ठिकाण दुबईहून अल ऐनला जाणारा रस्ता सोडून आत गेलं की वाळूच्या टेकड्यांत लागतं. १९९९ साली सुरू झालं. प्रत्येकाला सुटं घर, वर बदू लोकांच्या तंबूसारखं छत, आणि दारापुढे त्या एका घरापुरता पोहण्याचा तलाव. एका रात्रीचं भाडं लेक सांगेना. जावयांनी सांगितलं तेव्हा कळलं, माझ्या महिन्याच्या पेन्शनहून ते जास्त आहे. “आई, पैशाचं तू बघूच नकोस, तारखा तेवढ्या सांग,” हे तिचं रोजचं पालुपद.

मी हो म्हणाले ते एका फोटोमुळे. तिने धाडलेल्या फोटोंत तलाव होते, उंट होते, हातावर ससाणा घेतलेला माणूस होता. त्यातल्या एकात लांब सरळ शिंगांची पांढरी ओरिक्स हरणं उभी होती आणि त्यांच्या मागे एक झाड. काळपट, भेगाळलेलं खोड, खाली लोंबलेल्या बारीक फांद्या, विरळ पाला. फोटो मोठा करून पाहिला. आमच्याकडचे जुने लोक जिला सौंदड म्हणत, ती शमी! लेकीला विचारलं तर म्हणाली, इथे याला गाफ म्हणतात. पुढचं मी वाचून काढलं. संयुक्त अरब अमिरातीने २००८ साली या झाडाला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला. आपली शमी, राजस्थानची खेजडी आणि तिथला गाफ, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी एकच झाड.

शिक्रापुरात वेळ नदीच्या पलीकडे, माळ सुरू होतो तिथे शिवेवर आमची एक शमी होती. आज पुणे-नगर रस्त्यावरून, चाकण चौकातल्या गाड्यांच्या रांगेतून जाणाऱ्याला खोटं वाटेल, पण तेव्हा वस्ती संपली की नुसता माळ. पावसाळ्यात पवन्या गवत आणि कुसळ, एरवी मुरूम. दसऱ्याला गाव शिलंगणाला निघे ते या शमीपाशी. पुढे पालखी, मागे वाजंत्री. बायका घरी औक्षणाची ताटं घेऊन थांबत, पण मी लहान म्हणून आजोबा मला खांद्यावर घेऊन जात. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली ती शमीच्या ढोलीत, हे त्यांनी मला त्या झाडाखालीच सांगितलं. मग मी दर वर्षी ढोलीत डोकावून बघायची.

शमीची डहाळी हातात घेऊन पाहावी. काटे बाभळीएवढे लांब नसतात. बुडाशी रुंद, टोकाला तीक्ष्ण, आणि कुठेही असतात. पानं इतकी बारीक की चिमटीत दहा-वीस सहज येतात. उन्हाळ्यात पिवळसर फुलांचे तुरे, मग लांब बारीक शेंगा. पिकलेल्या शेंगेतला गर गोड असतो. तो चोखत आम्ही शेरडांमागे हिंडायचो. वैशाखात बाकीची झाडं उघडी पडतात तेव्हा हिला नवी पालवी येते, कारण मुळं वाऱ्यापावसाच्या भरवशावर राहात नाहीत, खोल ओल शोधत जातात. माझ्यासारख्या शाळामास्तरणीला हे वाक्य फळ्यावर लिहिण्याजोगं वाटायचं, पण मुलांना ते कळायला झाड समोर हवं.

मला ते बहात्तर साली कळलं. विहिरी तळाला गेल्या होत्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई, शाळेत सुकडी मिळे, आणि घरात अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी. त्या भाकरीचा वास मला अजून नकोसा वाटतो. बैल कवडीमोलाने गेले. शेरडं तेवढी जगली, ती शिवेवरच्या शमीवर. आजोबा आकडीने डहाळे काढत, पण शेंडा कधी तोडत नसत, आणि एका दिवशी एकाच बाजूचा पाला. देवाचं झाड म्हणून कुणी कुऱ्हाड लावली नव्हती, म्हणून ते त्या साली कामी आलं. जुन्या माणसांच्या श्रद्धेत असा व्यवहार पुष्कळ वेळा असतो आणि मला त्याचा आदर वाटतो.

त्याच बहात्तर साली, ओमानच्या वाळवंटात, रानातला शेवटचा अरबी ओरिक्स शिकाऱ्यांनी मारला. हे मी आत्ता, या सहलीच्या तयारीत वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं. जीपगाड्या आणि बंदुका घेऊन माणसांनी तो प्राणी वाळवंटातून नाहीसा केला होता. काही जणांना हे आधीच दिसत होतं. त्यांनी १९६२ साली थोडे ओरिक्स पकडून अमेरिकेत ॲरिझोनाच्या फिनिक्स प्राणिसंग्रहालयात नेऊन वाढवले. त्या कळपाचे वंशज १९८२ साली ओमानच्या मोकळ्या वाळवंटात परत सोडले. २०११ साली, धोक्यातल्या प्राण्यांच्या जगभरातल्या नोंदी ठेवणाऱ्या आययूसीएनने त्यांची धोक्याची पायरी एकाने खाली आणली. रानातून नामशेष झालेला प्राणी इतका सावरल्याची तोवरची ती पहिलीच नोंद. ‘अल महा’च्या भोवतीही ओरिक्स सोडले आहेत, आणि २००३ साली तिथलं २२५ चौरस किलोमीटर वाळवंट राखीव झालं. दुबई अमिरातीच्या जमिनीचा हा साधारण विसावा भाग.

माझी नोकरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. माळ कसा आटत गेला ते एसटीच्या खिडकीतून पाहिलं. सणसवाडी, मग रांजणगाव, कारखाने आले. त्यांनी घरं उभी केली, माझ्या विद्यार्थ्यांना पगार दिले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिथे कारखाना नाही तिथलाही माळ राहिला नाही. तिथे वेडी बाभूळ माजली. ही शमीची अमेरिकेतली भाऊबंद, सरपणासाठी आणि हिरवाईसाठी आणलेली, आणि आता ओढे, गायरानं, तळ्यांचे काठ गिळत सुटलेली. तिच्याखाली गवत टिकत नाही. दुबईकडेही हीच झाडं लावली गेली आणि तिथेही आता ती डोकेदुखी झाली आहेत. शमी मात्र लोकांच्या डोळ्यांपुढे उरली ती रांजणगावच्या महागणपतीच्या दारात, दुर्वांच्या जुडीबरोबर विकायला ठेवलेली. मुलांना पत्री माहीत, झाड माहीत नाही.

एकदा शिक्षकांच्या सहलीत जोधपूरला गेलो. तिथून जवळच खेजडली. १७३० साली राजाची माणसं चुन्याच्या भट्टीसाठी खेजडी तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागे बिश्नोई समाजाची मिळून ३६३ माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली आणि मारली गेली. रात्री ताटात केर-सांगरीची भाजी आली. सांगरी म्हणजे याच झाडाच्या कोवळ्या शेंगा, वाळवून ठेवलेल्या. मला घास गिळताना आमचे आजोबा आणि त्यांची आकडी आठवत होती. आज त्याच राजस्थानात, बिकानेरच्या बाजूला, सौरऊर्जेच्या पट्ट्यांसाठी खेजड्या तुटताहेत आणि लोक पुन्हा रस्त्यावर आलेत. ऊन विकत घ्यायचं आणि सावली तोडायची, हा सौदा मला पटत नाही.

आमची शमी एका रुंदीकरणात गेली. मी तेव्हा दुसऱ्या गावी बदलीवर होते. त्यापुढच्या दसऱ्याला पालखी गेली ती कुंडीतल्या रोपापाशी.

तर मुक्कामाची तयारी. ऊन सोसण्याजोगं नोव्हेंबर ते मार्च. यांना ओरिक्स बघायचेत, मला चांदणं नको, काळोख हवा, म्हणून अमावास्येच्या आसपासचे दिवस धरायचे. लेकीला वाटलं होतं मी तलावाला नाक मुरडेन. मुरडलं थोडं. दुबईचं बहुतेक पाणी समुद्राचं, खारटपणा काढून घेतलेलं, आणि त्याला इंधन जळतं. डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईला दारात एकट्या घरापुरता तलाव सुखाचा वाटणार नाही. पण त्या भाड्याच्या आधारावर वाळवंटाचा एवढा तुकडा राखला गेलाय, हेही खरं आहे. आमच्या जिल्ह्यात, बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ, चिंकारांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं, ते जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. चिंकारा तेवढ्यात मावत नाहीत, आसपासच्या शेतांतून हिंडतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. सरकारी दप्तरात माळाला पड म्हणतात, म्हणून वाटेल ते करायला ती जागा मोकळी. श्रीमंत देशाला वाळूसुद्धा राखावीशी वाटली. आम्हाला आमचं गवत राखणं परवडत नाही, असं मला कुणी पटवून देऊ नये.

म्हणून लेकीला मी कामांची यादी धाडलीय. उंटाची रपेट आणि ससाण्याचा खेळ यांच्यासाठी. माझ्यासाठी एक सकाळ तिथल्या वाटाड्याबरोबर, गाफच्या झाडांत. मला त्याला विचारायचंय की रोपाला पाणी किती महिने घालतात आणि ते कधी बंद करतात. उंटांनी शेंडे खाऊ नयेत म्हणून काय करतात. उंटापासून वाचवायची युक्ती शेरडांपासून वाचवायलाही चालेल.

हे कुतूहल रिकामं नाही. यंदा ग्रामसभेत आम्ही काही बायकांनी गायरानाचा एक कोपरा शमीसाठी मागितला आणि तो मिळाला. कान्हूरच्या वाटेला एक जुनी शमी अजून आहे, तिच्या शेंगा उन्हाळ्यात वेचल्या. बियांचं साल कठीण, गरम पाण्यात रात्रभर भिजवल्या तेव्हा कुठे पिशव्यांत मोड दिसले. जुलैत लावणी झाली, वेड्या बाभळीच्याच काट्यांचं कुंपण घातलं. पहिला हिवाळा आणि पहिला उन्हाळा निभावला की मुळं आपलं आपण बघतील, पण तोवर मी गावाबाहेर राहणं जिवावर येतं. लेक हसली नाही. “किती दिवसांनी पाणी घालावं लागतं ते सांग, म्हणजे विमानाची तिकिटं तशी बघते,” म्हणाली. जानेवारीतली अमावास्या धरलीय. आळीतली दोन पोरं, दोघंही माझ्याच हाताखाली अक्षर गिरवलेली, त्या आठवड्यात गायरानावर जायला तयार झालीत. त्यांना मी दाखवून ठेवलंय: पाणी बुंध्याशी ओतायचं नाही, वीतभर लांब आळ्यात ओतायचं, म्हणजे मूळ ते शोधत खाली जातं.