खर्चाच्या पोटची शिल्लक

शिल्लक ही संयमाची कन्या आहे, असें आम्ही आमच्या शिक्षकी पेशांत मुलांना सांगत आलों. अलीकडे ती खर्चाच्याच पोटीं जन्म घेऊं लागली आहे, असें तरुण मंडळी म्हणतात. तेव्हां या नवजात बालिकेची पत्रिका एकदां मांडून पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रकार असा. दुकानांत कार्डानें ४७ रुपये दिले, तर हिशेब ५० चा धरून वरचे ३ रुपये आपोआप बचतीकडे जातात. बँक ऑफ अमेरिकेनें २००५ सालीं अशी चिल्लर बचतखात्यांत टाकण्याची सोय केली; २०१४ सालीं तिकडच्याच एकॉर्न्स कंपनीनें ती भांडवलबाजारांत गुंतविली; आणि २०२१ सालीं बंगळूरच्या ‘जार’नें ती सोन्याकडे वळविली. दुसरा प्रकार परताव्याचा. शंभर रुपये खर्चावे, रुपया-दीड रुपया परत मिळवावा, आणि तो गुंतवावा. हा रुपया आकाशांतून पडत नाहीं. क्रेडिट कार्डाच्या विक्रीमागें दुकानदार जें शुल्क देतो, त्याचाच तो अंश होय. रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील हें शुल्क सरकारनें जानेवारी २०२० पासून उठविलें. म्हणून तेथें वांटावयास फारसें कांहीं उरत नाहीं.

थेंबें थेंबें तळें साचतें, हें महाराष्ट्रास नवें नाहीं. गेल्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडानें लोकांकडून एकेक पैसा मागितला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांवीं कांचेचा कारखाना उभा राहिला. परंतु तो पैसा देण्यासाठीं कोणास आधीं कांहीं विकत घ्यावें लागलें नव्हतें, हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आमच्या कुटुंबानें भद्रकालीच्या बाजारांतून उरलेलीं नाणीं वर्षानुवर्षें एका पितळी डब्यांत टाकलीं. मुलीच्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षीं फीला कमी पडलेले साडेचार हजार रुपये त्या डब्यानें दिले. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या आमच्या नाशकांतही आतां हातांत सुटे पैसे उरत नाहींत. तेव्हां डब्याची जागा कार्डानें घेतली तर नवल नाहीं.

तीच मुलगी आज अंबडच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. “बाबा, तीन महिन्यांत ६१२ रुपयांचें सोनें झालें!” असें तिनें मोठ्या आनंदानें सांगितलें. उत्तरपत्रिका तपासण्याची जुनी खोड. आम्हीं खर्चाची बाजूही मागितली. बाहेरच्या खाण्याचा खर्च मागील तिमाहीपेक्षां २,४०० रुपयांनीं वाढलेला, आणि एका महिन्याचें कार्डाचें देणें अर्धेंच भरलेलें. त्यावर व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षास बेचाळीस! शिवाय सोनें घेतांनाच तीन टक्के जीएसटी जातो. आणि असें डिजिटल सोनें आपल्या देखरेखीबाहेर आहे, असा इशारा सेबीनें नोव्हेंबर २०२५ मध्यें दिला आहे, तो वेगळाच.

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “खरें आहे, बाबा. पण ठरवून बाजूला काढणें मला कधीं जमलेंच नाहीं. हे निदान नकळत तरी जातात.”

या उत्तरांत तथ्य आहे. संवय लागणें हें गुंतवणुकीहून मोठें आहे, आणि ती तीन रुपयांनीं लागत असेल, तर त्या तीन रुपयांस हंसण्याचें कारण नाहीं. मात्र क्रम चुकूं नये. प्रथम कार्डाचें देणें मुदतींत आणि पूर्ण भरावें. नंतर पगाराच्या दिवशींच एक ठराविक रक्कम बाजूस काढावी. डाकघराची आवर्ती ठेव दरमहा अवघ्या शंभर रुपयांपासून उघडतां येते. मग वरची चिल्लर खुशाल सांठवावी. मुलीनें पगाराच्या तारखेस पांचशें रुपयांची ठेव सुरू केली आहे; चिल्लरीचा क्रमही तिनें मोडलेला नाहीं, आणि आम्हीं तसा आग्रहही धरला नाहीं.

एवढें मात्र गृहिणींनीं व तरुणांनीं ध्यानांत धरावें: ज्या दिवशीं कांहींच विकत घेतलें नाहीं, त्या दिवशीं कार्डाच्या हिशेबीं शिल्लक शून्य असते, घराच्या हिशेबीं तोच दिवस सर्वांत मोठ्या शिलकीचा.