तारेआडची माणसे

आमच्या लहानपणी सोलापुरात घरातील एखादे भांडे दिसेनासे झाले, की वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला शब्द निघे तो ‘सेटलमेंट’. एकदा परसातला तांब्याचा गडवा हरवला. धुणे करावयास येणाऱ्या बाई त्याच वस्तीतल्या. त्यांस चोर असे कोणी म्हटले नाही. उद्यापासून येऊ नका, इतकेच सांगितले. पुढे उन्हाळ्यात आड उपसला, तेव्हा गडवा गाळात सापडला. तो घासूनपुसून फडताळात ठेवण्यात आला. बाईंना निरोप मात्र कोणी धाडला नाही. आम्हीही गप्प राहिलो.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यासही लावला. जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला. रोजची हजेरी आणि तारेचे कुंपण नशिबी आले. १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला. आमच्या घरची ही गोष्ट त्यानंतरची आहे. तार जमिनीतून उपटता येते. मनातली तशी निघत नाही.

ती प्रथम हलली, असे आम्हांस वाटते, ती पुस्तकांनी. ज्या विभावरी शिरूरकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’मधून आमच्याच घरांतील मुलींचे दुःख बोलून दाखविले, त्यांनीच १९५० साली ‘बळी’ लिहून वाचकास तारेच्या आत नेले. मालतीबाई बेडेकर या नात्याने त्यांनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काम केले होते. ते जग त्यांनी ऐकून नव्हे, पाहून लिहिले.

अण्णा भाऊ साठे यांचा ‘फकिरा’ (१९५९) याहून निराळा. तो वाचकाची दया मागत नाही. सरकारदरबारी तो दरोडेखोर. पण उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा आणि आपल्या लोकांच्या सुटकेसाठी स्वतः सरकारच्या स्वाधीन होणारा हा पुरुष वाचकाच्या मनात वीरच ठरतो. याचे कारण उघड आहे. आपण त्याला पोलिसाच्या वहीत न भेटता त्याच्या घरच्या चुलीपाशी भेटतो.

पुढे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आले, आणि ज्यांच्याविषयी लिहिले जात असे तेच लिहू लागले. अंगावर फेकलेला शब्द उचलून त्यांनी तोच पुस्तकाच्या माथ्यावर ठेवला. पूर्वग्रहास याहून सडेतोड उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

ही पुस्तके वाचून आमच्यासारखे वाचक हळहळतात आणि आपल्या उदारपणावर मनातल्या मनात संतुष्टही होतात. परंतु त्या पानांत आम्हीही आहोत. नायकाच्या बाजूस नव्हे, गडवा मुकाट्याने फडताळात ठेवणाऱ्यांत. फकिराने सरकारी शिक्का पुसला असेल, पण त्या बाईंवरचा आमचा शिक्का कोणी पुसावा? तो गडवा अजून आमच्या घरी आहे. त्यात पाणी भरताना आजही हात क्षणभर थांबतो.