प्रिंटर बिघडला नव्हता

सोलापुरातलं आमचं घर जुनं, भिंती हातभर जाड. मागच्या खोलीत वायफाय पोहोचेना म्हणून मेश बसवलं. मोबाईल खूश, प्रिंटर मात्र ‘ऑफलाइन’. नेमका शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज सकाळी द्यायचा होता. अम्मी म्हणाली, नवा घ्या. दुरुस्तीवालाही तेच म्हणाला. त्याचा तर धंदाच आहे.

प्रिंटर धडधाकट होता. इंटरनेटवाल्यांच्या राउटरचं वायफायही चालूच होतं आणि प्रिंटर त्यालाच चिकटून बसला होता. राउटर आणि मेश दोघंही आपापले आयपी पत्ते वाटत होते. एका घरात दोन मोहल्ले. इकडची हाक तिकडे कशी ऐकू जाणार? मेश ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकलं, म्हणजे पत्ते वाटणारा राउटर एकटाच उरला. त्याचं वायफाय तेवढं बंद केलं. आमच्या प्रिंटरला २.४ गिगाहर्ट्झच कळतं, म्हणून जोडताना ५ गिगाहर्ट्झ घटकाभर बंद ठेवलं. अर्ज रात्रीच छापून झाला.

एक काम उरलं होतं. वीज गेली-आली की प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद धाडत राहतो. राउटरमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता राखीव करून टाकला. आपल्याकडच्या विजेचा भरवसा कोणी द्यावा?