न धुतलेली गोधडी

पिंजऱ्याचं दार उघडलं आणि तांबीच्या आधी बाहेर आला तो बंबाच्या धुराचा वास.

फ्रँकफर्टच्या विमानतळावरची ती नोव्हेंबरातली पहाट होती, पुसून लख्ख केलेली, कशालाच कसला वास नसलेली. आणि तिच्यात अचानक वाईच्या परसातला तो धूर पसरला, ओलसर बंबफोडाचा, डोळ्यांच्या कडांना हलकेच झोंबणारा. त्याच्यामागून खोबरेल तेल आलं. मग कापूर, भिंतींची पावसाळी ओल, फडताळातली हळकुंडं, आणि या सगळ्यांच्या तळाशी, झोपेत पाठीवरून फिरणाऱ्या हातासारखा, आईचा वास. गुडघ्यांवर बसले होते ती मी तशीच बसून राहिले. तांबी बाहेर आली, तिने अंग झाडलं, माझं मनगट हुंगलं, आणि पुन्हा वळून आत तोंड घातलं. आणखी कुणीतरी बाहेर यायचं राहिलंय, अशी.

वास होता गोधडीचा. आजीचं एक लुगडं, आईच्या दोन सुती साड्या आणि मधे बाबांचं विरून मलमल झालेलं धोतर, असे थर घालून आईने ती एका उन्हाळ्यात सोप्यात बसून शिवली होती. टाके सगळीकडे सारखे नाहीत. बाबा दवाखान्यात होते त्या आठवड्यातले टाके मोठे, घाईचे आहेत. आणि एका कोपऱ्यात ते इतके बारीक, इतके दाट आहेत की त्या दुपारी तिला उठून कुठे जायचंच नव्हतं, हे हाताला कळतं. बाबा गेले आणि ती गोधडी आईची झाली. मग तिच्या पायथ्याशी तांबी झोपायला लागली, मग निम्म्या गोधडीवर, आणि पुढे कधीतरी आई चटईवर आणि तांबी गोधडीवर अशी मांडणी झाली, ती नेमकी केव्हा, ते त्या दोघींनाच ठाऊक.

तांबी गावठी. श्रावणातल्या एका संततधारेत लाकडांच्या ढिगाआड सापडलेली, ओंजळीत मावेल एवढी, तांबूस. आईने तिला वेगळं नाव दिलं नाही, रंगानेच हाक मारली आणि तेच नाव झालं. बाबांच्या मागे त्या मोठ्या घरात आई रात्री कुणाशी तरी बोलत असते, हे मला पुण्यात फोनवरून जाणवायचं. माझ्याशी बोलता बोलता मधेच तिचा आवाज खाली वळायचा, "अगं हो, देते की," असं म्हणायचा, आणि मला बरं वाटायचं. आईपाशी कुणीतरी आहे. एवढ्या आधारावर मी किती रात्री निवांत झोपले असेन!

2019 च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदमच ठरल्या. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही जर्मनीला, श्टुटगार्टला जायचं; आणि गुडघ्यांपायी आईने वाईचं घर बंद करून दादाकडे ठाण्याला. दादाच्या धाकट्याला दम्याचा त्रास, तिथे तांबीला नेणं शक्यच नव्हतं. शेजारी ठेवू, आळीतली माणसं भाकरी घालतील, असं सगळं बोलून झालं. आई भाजी निवडत ऐकत होती. दत्ताच्या तसबिरीकडे, त्याच्या पायांशी बसलेल्या चार कुत्र्यांकडे तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तिला तू ने. मला सगळे आहेत. तिला कोण आहे?"

मला सगळे आहेत. किती सहज म्हणाली होती ती! त्या तीन शब्दांना आतून केवढी ओल होती, हे मला फार उशिरा समजलं.

मग ते लांबलचक महिने. ज्येष्ठात तांबीच्या खांद्यांच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली. तिचा पंधरा आकड्यांचा नंबर आईने कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवला. चिप बसल्यावर रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त. त्या रक्तातली प्रतिपिंडं मिलिलिटरमागे 0.5 एककं तरी भरायला हवीत, आणि ती भरली तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं; आपल्याकडून युरोपात जाणाऱ्या कुत्र्यामांजरांना हे थांबणं चुकत नाही. आजार आधीच अंगात लपून बसलेला असेल तर तो या दिवसांत वर येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्त काढलं तेव्हा आषाढ सरत आला होता. त्या पावसाळ्यात कृष्णेने घाटाच्या पायऱ्या गिळल्या, मग पाणी ओसरलं, गणपती आले, गेले, आणि त्या थांबण्याचा मला आधी आलेला राग हळूहळू विरत गेला. कागदोपत्री ते महिने तांबीचे होते. मिळाले ते आईला. दूर कुठेतरी बसून ज्याने तो नियम लिहिला असेल, त्याला कधीच कळणार नाही की त्याने वाईतल्या एका बाईला शरदातलं आख्खं चांदणं दिलं होतं.

आई पिंजऱ्याला पिंजरा म्हणायची नाही. 'तिची खोली' म्हणायची. आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे, या मापाने आणलेली ती प्लास्टिकची खोली आम्ही सोप्यात ठेवली होती. तांबी सतरा किलोंची. माणसांच्या पायांशी बसून जायला मिळतं ते लहानशा जिवांना. तिला विमानाच्या पोटातून जायचं होतं. झोपेचं औषध द्यायचं नाही, उंचावर त्याने श्वास आणि तोल दोन्ही बिघडू शकतात, म्हणून त्या खोलीची सवयच लावायची होती. रोज संध्याकाळी आई दूधभाकरी कुस्करलेली ताटली आत सरकवायची आणि दाराशी पाटावर बसून राहायची. पहिला आठवडा तांबीने मानेपुरतंच आत जाऊन खाल्लं. दसऱ्यापर्यंत ती आत झोपू लागली. एका रात्री मी पाणी प्यायला उठले, तर अंधारात आई जाळीला बोटं लावून बसलेली, आणि आतून ती बोटं चाटल्याचा बारीकसा आवाज. मी पाय न वाजवता मागे फिरले. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

दिवाळी झाली. मुंबईतल्या ॲनिमल क्वारंटाइनच्या कार्यालयात कागद झाले. सरकारी पशुवैद्यांची सही झाली की दहा दिवसांच्या आत पोचायचं असतं, त्यामुळे पुढचं सगळं भराभर झालं. निघायच्या दिवशी आईने गोधडी त्या खोलीत अंथरली, कोपरे दाबून बसवले. मी म्हटलं, "आई, आधी धुऊन घ्यायची का?"

"नको," ती म्हणाली. "वास राहू दे तिला."

ती मुंबईपर्यंत आली नाही. दारातही आली नाही. परसात जाऊन, त्या भलत्या वेळी, बंब पेटवत बसली. गाडी आळीतून वळली तेव्हा कौलांवरून निळसर धुराची एक रेघ वर चढत होती.

सहारच्या विमानतळावर तपासणीसाठी पिंजरा रिकामा करावा लागला. मी तांबीचा पट्टा धरून उभी, आणि गणवेशातल्या एका प्रौढ माणसाने गोधडी उचलली, झटकली, उलटीपालटी पाहिली, आणि मग टाक्यांवरून क्षणभर अंगठा फिरवला. तो काही बोलला नाही. आत पुन्हा अंथरताना मात्र त्याने दुमडलेली कड सरळ केली, आईने केली होती तशीच. पुढचा सगळा प्रवास मी डोळा मिटला नाही. पायांखाली कुठेतरी, अंधारात, वाईचं घर चौघडी होऊन माझ्याबरोबर चाललं होतं.

श्टुटगार्ट डोंगरांच्या वाडग्यात वसलं आहे. तिथली माणसं त्या खोलगट भागाला हंडा म्हणतात, केसेल. वाईसारखाच डोंगरांचा वेढा. उतारांवर द्राक्षमळे आणि घराघरांमधून वर चढत जाणारे पायऱ्यांचे रस्ते, चारशेंहून जास्त. तांबी त्या पायऱ्या घाटाच्या असल्यासारख्या उतरायची, आणि तळाशी पाणी नाही म्हणून दर वेळी थबकायची. कुत्र्यांच्या कराचा एक अर्ज भरायचा होता. त्यात मालकाच्या नावापुढे मी माझं नाव लिहिलं, आणि पेन बराच वेळ तिथेच टेकून राहिलं.

त्या हिवाळ्यात रोज दुपारी साडेतीनला ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसायची. मला वाटायचं, नव्या घराचं काही खटकतंय. मग एका दुपारी घड्याळाकडे पाहिलं आणि काळजात लक्कन हललं. साडेतीन म्हणजे तिकडचे रात्रीचे आठ. आईची ताटली सरकवायची वेळ. तिथे ठाण्यात, चौथ्या मजल्यावर, आईचा हातही त्याच वेळेला भाकरीचा चतकोर बाजूला काढत असेल का? फोनवर विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

कुत्र्याच्या नाकपुड्यांना बाजूने चिरा असतात. सोडलेला श्वास त्या चिरांमधून निघून जातो आणि समोरून वास आत येतच राहतो. आपल्यासारखा तो श्वासागणिक तुटत नाही. गोधडीवर नाक टेकून पडलेली तांबी पाहिली की मला ते आठवायचं. आमची आठवण येते आणि जाते, मधे कामं असतात. तिची एकसलग.

दिवाळी मागे पडली, आता फटाक्यांतून ती सुटली, असं आम्हांला वाटलं होतं. 31 डिसेंबरच्या मध्यरात्री त्या सगळ्या वाडग्याच्या कडांवरून एकदम बाण सुटले, डोंगरांनी आवाज परतवले, आणि तांबी थरथरत पिंजऱ्यात शिरली. तिने पंजांनी उकरून उकरून गोधडी अंगावर ओढून घेतली. मी पिंजऱ्याबाहेर जमिनीवर आडवी झाले, जाळीला बोटं लावली. बऱ्याच वेळाने ती चाटली गेली. तेव्हा माझ्याही नाकाशी तो धूर आला, आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर रडले.

2020 च्या मे महिन्यात आई यायची होती. मार्चमध्ये विमानंच थांबली. पुढचं काय सांगू, ती दोन वर्षं सगळ्यांचीच तशी गेली. रोज संध्याकाळी फोनवर आईचा चेहरा दिसायचा. तांबीला त्या चेहऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण आवाज आला की ती उठायची, आणि फोनकडे न येता गोधडीकडे जायची. गोधडी मी धुतली नाही. एक एक वास मात्र निघून जातच होता. आधी कापूर गेला, मग हळद, मग भिंतींची ओल. धूर बराच काळ होता. शेवटी शेवटी मी कोपऱ्यातल्या त्या दाट टाक्यांपाशी नाक खुपसायची. तिथे काहीतरी उरलंय असं वाटायचं, किंवा मला तसं वाटून घ्यायचं असायचं.

2022 च्या मेमध्ये आई आली. तोवर तांबीचं तोंड पांढरं झालं होतं. मला वाटलं होतं, ती झेप घेईल, घर डोक्यावर घेईल. ती जागची हलली नाही. आई दारात उभी, काठी टेकून. तांबी सावकाश पुढे आली, आईच्या पायाच्या बोटांपासून हुंगायला लागली, पाऊल, घोटा, साडीचा काठ, निऱ्या, लोंबता हात, आणि हातापाशी पोचल्यावर तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, जो आम्ही त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"अगं हो," आई म्हणाली. "आले की."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर न्हाणीत पाण्याचा आवाज. आईने टबात गोधडी भिजवली होती आणि ती स्टुलावर बसून दोन्ही हातांनी चोळत होती. माझ्या तोंडून अस्फुट काहीतरी निघालं. अडीच वर्षं जपलेलं ते सगळं गढूळ पाणी होऊन भोकातून चाललं होतं. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"मी आलेय ना आता," ती म्हणाली. "वास कशाला हवाय?"

आम्ही दोघींनी पिळून ती बाल्कनीत वाळत टाकली. तांबी तिच्याखाली जाऊन बसली, ठिबकणाऱ्या थेंबांत, पाठ ओली होईपर्यंत.

पाहुण्याच्या व्हिसावर नव्वद दिवस राहता येतं. तांबीला थांबावं लागलं होतं, जवळजवळ तेवढेच. इथला उन्हाळाही आईला गारच वाटायचा. रात्री सोफ्यावर आडवी होताना ती गोधडी ओढून घ्यायची, आणि तांबी पायथ्याशी, मग निम्म्या गोधडीवर. त्या दिवसांचं आणखी काही सांगण्यासारखं नाही. दूधभाकरी होती. पायऱ्यांवर सावकाश चढणाऱ्या दोघी होत्या. दुपारचं ऊन फरशीवर सरकत जायचं आणि त्याच्याबरोबर त्या दोघीही सरकायच्या.

ऑगस्टमध्ये आईला विमानतळावर सोडून आम्ही परतलो. घरात शिरले तर गोधडी सोफ्यावर तशीच पडलेली, रात्रीच्या अंगाचा आकार धरून. आयुष्यभरात आईने कधी अंथरूण न आवरता घर सोडलं नव्हतं. तांबी माझ्या आधी तिथे पोचली. तिने वर चढून तीन गिरक्या घेतल्या, त्या आकारात अंग बसवलं आणि नाक आत खुपसलं.

मी शेजारी जमिनीवर बसले आणि वाकले. धूर नव्हता; तो वाईच्या बंद घरात राहिला. खोबरेल तेल आधी आलं.