मदरबोर्ड तोच

नेहरू प्लेसच्या दुकानदाराने निदान एका वाक्यात केलं : “मॅडम, बोर्ड ठीक है, डिस्क बूढ़ी हो गई है।”

माझा संगणक २०१२ चा. त्याच्या मदरबोर्डवर डीडीआर-३ रॅमच बसते. डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते. प्रोसेसरही त्याच सॉकेटचा लागतो. काय बदलायचं ते बोर्ड ठरवतो. तरी चारची आठ जीबी रॅम झाली आणि फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी आली. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर उतरवली. विंडोज ७ ने ओळखीचा बोर्ड पाहून काही विचारलं नाही.

तेच हवं होतं. माझी जुनी भाषांतरं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. फाइलीत साठलेले असतात रोमन अक्षरांचे संकेत; देवनागरी चेहरा फॉन्ट देतो. फॉन्ट गेला की कवितेची बाराखडी विस्कटते. ते टंकलेखनाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे याच विंडोजवर चालतं.

विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली, म्हणून या यंत्राला इंटरनेट नाही. रोज एक फाइल युनिकोडमध्ये आणते आणि मूळ पानाशेजारी ठेवून वाचते. रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. तो हातानेच परत आणावा लागतो.