शटर डाऊन, टेन्शन डाऊन!

पुण्यातल्या आमच्या जुन्या बंगल्यात आई एकटीच राहते. शेजारच्या गल्लीत कुणाचं तरी गॅरेज फोडल्याचं कळलं, तेव्हा मला गाडीचं टेन्शन आलंच नाही. आलं ते गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात उघडणाऱ्या दाराचं!

म्हणजे बघा, रोलिंग शटरच्या दोन्ही टोकांना कुलपं ठोकली की आपण निवांत. पण पत्रा पडला लवचिक. मधोमध पहार घालून उचकटला की तो कमानीसारखा वाकतो. कुलपं जागच्या जागी आणि चोर आत!

म्हणून आधी मधोमध सेंट्रल लॉक बसवून घेतलं. टोकांना झाकलेल्या कडीची कुलपं लावली, म्हणजे कटरला पकडच मिळत नाही. मग आतलं दार. प्लायचं पोकळ दार काढून भरीव लाकडाचं लावलं. त्याला घराच्या बाजूने जाड अडसर, पण आईला बिनकिल्लीचा सरकवता येईल असा. उद्या घरात आग लागली तर किल्ली कुठे शोधणार?

‘‘अगं, पण बाकीच्या किल्ल्या ठेवू कुठे?’’ आईचा प्रश्न.

कुठेही ठेव, फक्त गाडीत नको!